शिळ्या पाण्यावरची भज्जी

माझं माहेर नांदेड, सासर लातूर. याचा अर्थ काय, ते ज्या बाईनं दोन्ही गावांत बादल्या उचलल्यात तिलाच कळेल. नांदेडला आमच्या घरी नळ आला की आम्ही अंगण धुवायचो, मग समोरचा रस्ता धुवायचो, तरी नळ चालूच. लग्न होऊन लातूरला आले आणि पहिल्यांदा नळ गेल्यावर मी विचारलं, "आता उद्या किती वाजता येईल?" सगळं घर माझ्या तोंडाकडं बघायला लागलं. सासरे तेव्हा होते. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "उद्या न्हाई बाई," म्हणाले, "आता पुढल्या आठवड्यात. आला तं आला." माहेरचे अजून चिडवतात, "काय गं, तुमच्याकडं पाणी रेल्वेनं येतं म्हणे!" आलं होतं बाबांनो, एका उन्हाळ्यात रेल्वेनंच आलं होतं, अन् मी त्या पाण्याचा चहा पिऊन शाळेत गणित शिकवायला गेले होते. त्यात लाज कशाची वाटायची?

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. इकडं तशीच पद्धत आहे. आत्याबाईंचं जळकोटकडं वावर होतं, अगदी रस्त्याला लागून. अन् त्या वावराचा खरा सण एकच, वेळअमावस्या. आत्याबाई 'येळवस' म्हणतात. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला लातूरचं माणूस शहरात सापडत नाही. दुकानं बंद, रिक्षा बंद, सगळे आपल्या नाहीतर सोयऱ्यांच्या वावरात. तिथं कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची, मग आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर अन् भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी समजू नका, नाहीतर आमचं माणूस तुमच्याशी बोलायचं सोडेल. तुरीचे अन् हरभऱ्याचे हिरवे दाणे, वालाच्या शेंगा, मेथी, चुका, गाजर, त्या दिवसांत रानात जे हिरवं सापडेल ते सगळं एका भांड्यात घालायचं अन् चिंच आणि डाळीचं पीठ लावून रटरट शिजवायचं. चुलीवरून भांडं उतरेपर्यंत कुणाला धीर धरवत नाही.

अन् सगळ्यात मोठं काम म्हणजे हाक मारायची. ओळखीचा असो नसो, रस्त्यानं जाणाऱ्याला त्या दिवशी उपाशी जाऊ द्यायचं नाही. आत्याबाई बांधावर उभ्या राहून अशी हाक मारायच्या की एसटीतली माणसं खिडकीतून डोकं काढायची. एका वर्षी तर त्यांनी अख्खी एसटीच थांबवली. ड्रायव्हर-कंडक्टरसकट सगळ्यांना द्रोणात भज्जी! मी नवी नवरी, माझा आ वासलेला तसाच राहिला.

मग तो रस्ता रुंद झाला अन् वावर रस्त्यात गेलं. त्या वर्षी शेजारच्या वावरवाल्यांचं बोलावणं आलं. चांगली माणसं, फार आग्रह केला. आत्याबाईंनी पाय दुखतो म्हणून कळवलं. सगळी इमारत रिकामी झाली अन् आमच्या घरात आत्याबाई दार लावून भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. दुपारी मी खिचडी टाकली. "पाय लई दुखतोय का?" मी विचारलं.

"पाय कशाचा दुखतोय," त्या म्हणाल्या. "जलमभर मी लोकायला बोलावलं. आता लोकायनं बोलावलं म्हणून जाऊन बसू का पत्रावळीवर?"

दुसऱ्या वर्षी तेच. दार बंद, भिंत, खिचडी. मला असा राग आला म्हणून सांगू! कुणावर, ते माझं मलाच कळेना. रस्त्यावर, खिचडीवर, त्या मेल्या भिंतीवर. मी कढई आपटली अन् म्हणाले, "बास झालं आत्याबाई. पुढल्या येळवसाला आपली कोप गच्चीवर. भज्जी मी करते, हाक तुम्ही मारायची."

आत्याबाई उठून बसल्या. सकाळपासून पहिल्यांदा उठून बसल्या. अन् वर म्हणतात काय, "विकतच्या भाजीची भज्जी? बाजारातून पिशवी आणून पांडवाला दाखवायची? त्यापरीस तुझी खिचडी बरी."

"अन् मी गच्चीवर पिकवलं तर?"

"काय पिकवलं तर?"

"सगळं. तूर, हरभरा, वाल, मेथी. पीठमीठ तेवढं विकतचं. मग तर हाक माराल?"

"पाणी कुठून आणशील गं बाई?"

"ते माझं मी बघते. हाक माराल का ते सांगा."

"पिकव तं आधी," म्हणाल्या अन् पुन्हा आडव्या झाल्या. पण या वेळी तोंड माझ्याकडं होतं. मला तेवढं पुरे होतं. तिसऱ्या वर्षी ती भिंत बघायची नाही, हे मी त्याच क्षणी ठरवून टाकलं.

जून लागला तशी मी कामाला लागले. भंगारवाल्याकडून निळे ड्रम आडवे कापून आणले, तेलाचे डबे जमवले, बाहेरगावी शिकणाऱ्या लेकीच्या लहानपणचा फुटका टबसुद्धा सोडला नाही. माती जिन्यावरून आमच्या ह्यांनी वाहिली. घमेलं डोक्यावर घेऊन तीन मजले चढताना ते जे काही पुटपुटत होते ते मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. कुंभाराकडून बारकी गाडगी आणून प्रत्येक ड्रममध्ये गळ्यापर्यंत पुरली. गाडग्यात पाणी भरून वर झाकण ठेवायचं, ते आतल्या आत झिरपतं अन् मुळं तिथंच येऊन पितात. वरून सोयाबीनचं भुसकट अंथरलं म्हणजे ओल टिकते. तुरीचं बी टाकलं अन् चार दिवसांनी मातीतून ते वाकलेलं डोकं वर आलं तेव्हा मी गच्चीवर एकटीच टाळ्या वाजवल्या. गणिताच्या बाईंना असं करताना समोरच्या इमारतीतल्यांनी बघितलं असणार. बघू देत!

टाळ्यांचा आवाज चेअरमनपर्यंत पोचला. आमच्या अपार्टमेंटचे चेअरमन पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर धरणातलं पाणी मोजलं, आता आमच्या टाकीत काठी बुडवून मोजतात. जिन्यात मला गाठून म्हणाले, "मॅडम, छंद चांगला आहे. पण बिल्डिंगच्या टाकीतला एक थेंब झाडाला लागला, तर दुसऱ्या दिवशी गच्ची रिकामी."

"एक थेंब नको मला तुमचा," मी म्हणाले. हे माझं नेहमीचंच. आधी तोंड चालतं, मग डोकं.

पाऊसकाळ निभावला. त्यानंतर मात्र घरातलं सगळं पाणी माझ्या हुकमतीखाली आलं. तांदळाचं धुवण, भाजीचं धुवण, फरशी पुसायचं सोडून सगळं वर जायचं. ह्यांना रविवारी टबात उभं राहून आंघोळ करायची सक्ती केली, साबण बंद, डाळीचं पीठ लावा. "मी काय म्हैस आहे का?" ते आतून ओरडले.

"म्हैस असता तर दूध तरी दिलं असतं," मी बाहेरून म्हणाले. "पाणी सांडू नका."

दसऱ्याच्या सुमारास हरभरा, मेथी, गाजर, चुका, वाटाणा, सगळं पेरून झालं. तूर माझ्या डोक्याच्या वर गेली होती. वालाचा वेल पाण्याच्या टाकीवर चढून बसला होता. आत्याबाई गच्चीवर एकदाही आल्या नाहीत. गुडघा, जिना, ऊन, काही ना काही कारण. पण संध्याकाळी मी खाली आले की टीव्हीवरची नजर न हलवता विचारायच्या, "तुझ्या त्या डब्यायला काय आलं का?"

"तुरीला कळ्या आल्या."

"मला काय करायचंय. आपलं विचारलं."

मला मनातून असं काही गुदगुल्या झाल्यासारखं व्हायचं!

अन् दिवाळी झाली तसं सगळं फिसकटलं. कुठंतरी मोठी पाइपलाइन फुटली. नळ आठ दिवसांनी यायचा तो येईचना. बोअर आचके द्यायला लागला. चेअरमनांनी वापरायचं पाणी सकाळी थोडा वेळच सोडायला सुरुवात केली. घरात ताटं पुसून ठेवायची पाळी आली, तिथं धुवण कुठून उरणार? तूर ऐन फुलात होती. पाण्याची ओढ बसली की तूर फूल टाकते, हे मी ऐकून होते. एके सकाळी वर गेले तर ड्रमभोवती पिवळाधमक सडा. हरभरा मान टाकून बसलेला. वाटाण्याचा वेल तर गेलाच, हातात घेतला तर चुरा झाला. मी तिथंच भुसकटाच्या पोत्यावर बसले अन् भोकाड पसरलं. हे म्हणाले, "मी टँकरवाल्याला बोलतो. कुणाला कळणार नाही."

"खबरदार!" मी नाक पुसत म्हणाले. "चेअरमनला एक थेंब नको म्हणून बसलेय मी. अन् विकत घेतलेल्या पाण्याला आत्याबाई काय म्हणतील?"

खाली आले तर आत्याबाईंनी काही विचारलं नाही. माझं तोंड बघूनच समजल्या असाव्यात. त्या दिवशी त्यांनी टीव्ही लावला नाही.

अन् मग तो रविवार! मी आयुष्यात तो रविवार विसरणार नाही. सकाळी खालून हाक आली, "नळ आला!" लातुरात ही हाक ऐकली की माणूस जेवतं ताट सोडून उठतं. आमच्याकडं नळाचं पाणी खाली हौदात येतं अन् तिथून मोटर लावून घरोघर सोडतात. ते प्यायचं. मोटर सुरू झाली की प्रत्येक घरात एकच धांदल, आधी शिळं पाणी सांडायचं, भांडी घासायची, मग ताजं भरायचं. आता गंमत बघा. पुढचा नळ कधी येईल या धास्तीनं आम्ही आठवडाभर चूळसुद्धा जपून भरतो. तांब्याभर पाणी मागितलं तर अर्धाच भरून देतो. म्हणून पिंपात पाणी उरतं. अन् नळ आला की ते जिवापाड राखलेलं पाणी शिळं झालं म्हणून मोरीत! इतकी वर्षं मी हेच करत आले होते, अन् त्या दिवशीही केलं. पिंप तिरपं केलं, पाणी धो धो मोरीत चाललं. भिंतीतला पाइप गडगडत होता. वरच्या मजल्यावरचं, शेजारचं, सगळ्यांचं शिळं पाणी त्या पाइपातून गटारीला निघालं होतं.

मी पिंप तसंच धरलं अन् किंचाळले.

"काय झालं?" आत्याबाई आतून ओरडल्या. "इच्चू चावला का?"

"शिळं पाणी!"

"मग सांडून टाक की."

"तेच तर! तेच सांडून राहिलोत आपण! सगळी बिल्डिंग सांडून राहिली!"

आत्याबाई भिंत धरत मोरीच्या दारात आल्या. माझा बेत त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही, अन् आला तसा त्यांचा चेहरा कडक झाला. "शिळं पाणी पांडवाच्या भाजीला घालनार तू?"

आता मात्र माझं डोकं सणकलं. "आत्याबाई, वावरातल्या विहिरीचं पाणी रोज ताजं होतं का? ते कव्हाचं होतं, सांगा बरं मला. रोज सकाळी विहीर घासून भरायचं का कुणी?"

आत्याबाई हसायलाच लागल्या, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "पळ," म्हणाल्या. "पळ की मग! माझ्या तोंडाकडं काय बघतीस? लोकं सांडून मोकळी होतील!"

मी अनवाणी पळाले. दारं बडवत, बेल दाबत, "सांडू नका! सांडू नका! शिळं पाणी मला द्या!" करत. लोकांना वाटलं पाण्यात काहीतरी विष सापडलंय. पहिल्या मजल्यावर चेअरमन स्वतः हंडा तिरपा करून मोरीशी उभे. माझा गाऊन, विस्कटलेले केस, पायात चप्पल नाही. तरी म्हणतात कसे, "मॅडम, आपलं काय ठरलं होतं?"

"तुमच्या टाकीतला थेंब नको म्हणाले होते. हे तर तुम्ही गटारीला देताय. गटारीला द्यायचा ठराव कोणत्या मिटिंगमध्ये झाला?"

त्यांनी हंड्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. पाइपातला तो गडगडाट त्यांनीही कान देऊन ऐकला. मग एकदम वळून आत ओरडले, "अगं ए, ते पिंप सांडू नकोस! अजिबात सांडू नकोस!"

त्या दिवशी आम्ही जिन्यावरून बादल्या चढवल्या. पुढच्या नळापर्यंत ह्यांनी भंगार बाजारातून जुन्या आडाची लोखंडी कप्पी आणून गच्चीच्या कठड्याला बसवली. दोर खाली सोडला. मग काय विचारता! नळ आला की बादली खालून निघायची अन् प्रत्येक गॅलरीसमोर थांबायची. कुणी अर्धी कळशी ओतायचं, कुणी बाटल्या रिकाम्या करायचं, अन् वर येईपर्यंत बादली काठोकाठ. चेअरमन खाली उभे राहून शिट्टी वाजवायचे. एक शिट्टी म्हणजे ओढा, दोन म्हणजे थांबा. जणू धरणाचे दरवाजेच उघडत होते! मी वरून दोर ओढायची अन् ओरडायची, "आली, आली, आली!" हात सोलवटून निघाले तरी मला दुसऱ्याला दोर द्यावासा वाटेना. अन् एकदा बादली आमच्या खिडकीसमोर थांबली तर आतून एक सुरकुतलेला हात बाहेर आला अन् त्यानं आपला तांब्या तीत पालथा केला. मी वरूनच नाचले.

तुरीनं नवीन फूल धरलं. हरभऱ्याला घाटे लागले. गाजरं बोटाएवढीच झाली, पण गोड. वाटाणा मात्र गेला तो गेलाच. वेळअमावस्येच्या आदल्या संध्याकाळी ह्यांनी चुपचाप वाटाण्याची पिशवी ओट्यावर आणून ठेवली. "चार दाण्यांनी काय कळतंय आईला," म्हणाले. मी पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली अन् त्यांना दाराबाहेर काढलं. ती पिशवी चेअरमनांच्या घरी पोचवूनच ते परत आले.

वेळअमावस्येला सकाळीच इमारत रिकामी झाली. चेअरमन सासुरवाडीच्या वावराकडं निघताना खालून हात हलवून गेले. गच्चीवर आम्ही कोप उभी केली होती, कडबा ह्यांनी स्कूटरवर आडवा बांधून आणला होता. खाली बांधकामाची खडी पडली होती, तिच्यातून पाच दगड निवडून चुना लावला. तीन विटांची चूल केली, अन् त्या पातेल्यात माझी तूर, माझा हरभरा, माझी मेथी रटरटायला लागली तेव्हा मला माझाच हेवा वाटला. पण आत्याबाईंनी अजून 'येते' म्हटलं नव्हतं. खाली जाऊन विचारायची माझी हिंमत होईना.

मग जिन्यात बांगड्यांचा आवाज आला. आत्याबाई इरकली लुगडं नेसून, एक हात भिंतीला लावत वर आल्या. श्वास घ्यायला थांबल्या. मग ड्रममधून फिरल्या. तुरीची शेंग दाबून बघितली, हरभऱ्याचं पान तोंडात टाकलं. चुलीपाशी येऊन पातेल्यात डोकावल्या. परीक्षेला बसलेल्या पोरासारखी मी उभी.

"वटाणा?"

"नाही आला, आत्याबाई. जळाला."

"वटाणा आपल्या वावरात बी कव्हा आला न्हाई," म्हणाल्या. "तुझे सासरे दरसाल पेरायचे अन् दरसाल मी त्यायला बोलायची." वावर गेल्यापासून त्या वावराबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी ह्यांच्याकडं.

पूजा झाली. आत्याबाईंनी आंबिलीचं गाडगं घेतलं अन् 'ओलगे ओलगे सालन पोलगे' ही येळवसाची आरोळी देत कठड्याकडेनं शिंपडत गच्चीला फेरी घातली. पत्रावळी मांडल्या. अन् मी म्हणाले, "चला आत्याबाई, मारा हाक!"

त्या कठड्याशी गेल्या. खाली बघितलं. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. चौकापर्यंत रस्ता रिकामा. दुकानांची शटरं खाली. एक सायकलसुद्धा नाही. "कुणाला मारू?" आत्याबाई म्हणाल्या.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! तुरीचा विचार केला, पाण्याचा केला, वाटाण्यावरून नवऱ्याला घराबाहेर काढलं, अन् येळवसाला लातुरात माणूसच नसतं हे लग्नापासून ठाऊक असून विसरले. वावराला रस्ता होता, रस्त्याला माणसं होती. इथं कोण येणार? आत्याबाईंचा हात कठड्यावरून खाली आला. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "तू लई केलंस बाई." अन् जिन्याकडं वळल्या. खाली तीच खोली होती, तीच भिंत.

तेवढ्यात समोरून आवाज आला. आमच्या समोरची उंच इमारत म्हणजे क्लासच्या मुलींचं हॉस्टेल. डॉक्टर व्हायचं म्हणून कुठकुठल्या जिल्ह्यांतून पोरी इथं येऊन राहतात. एक पोरगी गॅलरीत फोनवर बोलत होती, अन् शहर इतकं शांत की शब्द न् शब्द ऐकू येत होता. "अगं आई, सगळं बंद आहे इथं. मेससुद्धा बंद. कसला सण आहे कुणास ठाऊक. सकाळपासून बिस्किटावर आहोत सगळ्या."

आत्याबाई थांबल्या. "काय म्हनली ती?"

"उपाशी आहेत म्हणे."

"येळवसाला उपाशी?" आत्याबाई गर्रकन वळल्या. गुडघा वगैरे काही नाही! कठड्यापाशी गेल्या, दोन्ही हात त्याच्यावर टेकले, अन् मी तीन वर्षं न ऐकलेला आवाज निघाला. "ए पोरीऽऽऽ! जेवायला याऽऽऽ!"

रिकाम्या लातुरात तो आवाज चौकापर्यंत जाऊन आला असेल. हॉस्टेलच्या खिडक्या धडाधड उघडल्या. डोकीच डोकी. "आम्ही?" एकीनं छातीला हात लावून विचारलं.

"हाव, तुमीच! समद्या या! ताट नका आनू, नुसत्या या!"

अन् आल्या की हो! जिना दणाणला. कुणी शॉर्टमध्ये, कुणी केसाला तेल लावलेलं, कुणाच्या हातात अजून पुस्तक. चौकात ड्युटीवर असलेला पोलीससुद्धा आवाजाच्या दिशेनं येऊन खाली उभा राहिला, त्यालाही आत्याबाईंनी वर ओढला. गच्चीवर पाय ठेवायला जागा राहिली नाही. पोरींनी भज्जी तोंडात घातली अन् एकेकीचे डोळेच मोठे झाले. बघता बघता पातेल्याचा तळ दिसायला लागला, अन् अर्ध्या पोरी अजून उभ्याच होत्या.

"भाजी संपली," मी आत्याबाईंच्या कानात म्हणाले. घाबरलेच होते.

"संपली कशी?" त्या म्हणाल्या. "ही काय उभी हाय!" अन् ड्रमांकडं हात केला.

एक क्षण मी ड्रमांपुढं आड येऊन उभी राहिले, खोटं कशाला बोलू. थेंब थेंब पाजलेली मेथी ती, बोटभर वाढलेली गाजरं. दुसऱ्या क्षणी मीच ओरडले, "उपटा गं! जे दिसेल ते उपटा!" पोरी तुटून पडल्या. कुणी घाटे सोलतंय, कुणी वालाचा वेल टाकीवरून खाली ओढतंय, एकीनं गाजर उपटलं अन् ते निघाल्यावर आनंदानं किंचाळली, तिनं जन्मात जमिनीतून गाजर काढलं नव्हतं. ह्यांनी दुसरं पातेलं चढवलं. पोलीस टोपी काढून तुरी सोलायला बसला. आत्याबाई सगळ्यांमधून फिरत होत्या, "ती कवळी मेथी घे, तो चुका घे, अगं मुळासकट नको, माती पडंल," अन् त्यांचा आवाज काही केल्या खाली येईना.

दुसरं पातेलं उतरलं तेव्हा एकाही ड्रममध्ये हिरवं पान राहिलं नव्हतं. कोपरापर्यंत हात मातीनं भरलेली एक पोरगी पत्रावळ घेऊन आत्याबाईंसमोर बसली. यवतमाळकडची होती. तिनं ते कापलेले ड्रम बघितले, कोप बघितली, अन् विचारलं, "आजी, हे शेत कुणाचं आहे?"

मी हातातला डाव तसाच धरला.

"माझं हाय," आत्याबाई म्हणाल्या, अन् तिच्या पत्रावळीवर भज्जी वाढली.